पहिल्या घंटेला न उठणारी माणसं

आयुष्यभर काय केलंत, असं कुणी विचारलं की मी सरळ सांगतो, लोकांच्या गोष्टी परत पाठवल्या. ऐकणाऱ्याला वाटतं म्हातारा थट्टा करतोय. थट्टा कसली! कर्जतच्या बाजारपेठेत नानांचा छापखाना होता. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, कीर्तनाच्या जाहिराती यांवर त्याचं पोट चाले, आणि दर दिवाळीला आम्ही अद्भुत गोष्टींचा एक संग्रह काढत असू. भुतं, यक्षिणी, उडती यंत्रं, चंद्रावरची माणसं, जगात जे जे नाही ते सगळं त्यात. मुंबई-पुण्यापासून पार नागपुरापर्यंतच्या लोकांच्या गोष्टी यायच्या. पुस्तकात मावतील तेवढ्या निवडायच्या आणि बाकीच्या परत धाडायच्या हे माझं काम. गोष्टीच्या डोक्यावर लाल पेन्सिलीनं मी 'घेतली' नाहीतर 'परत' असं लिही. 'परत' लिहून लिहून पेन्सिली झिजल्या आणि शिव्या खाऊन खाऊन मी जाड झालो.

या अंकाच्या संपादकांनी मला मुद्दाम विचारलंय, की निवड करताना वशिला चालायचा का? खरं सांगू? चालला असता तर माझं आयुष्य सुखाचं गेलं असतं.

आधी धंद्याची ओळख करून देतो. गोष्टी आल्या की मी त्यांचे ढीग घालत असे. भुतांचा ढीग सगळ्यांत उंच. खोपोलीला डोंगरावरच्या पाण्यावर वीज व्हायला लागली तेव्हापासून यंत्रांचा ढीगही वाढला; ज्याला त्याला पाण्यातून काही ना काही काढायचं असे, कुणी सोनं काढी, कुणी अमृत. तिसरा ढीग मी 'खाटेवरून पडलेल्या' गोष्टींचा म्हणत असे. यांत नायक पाताळात जातो, नागकन्येशी लग्न लावतो, राज्य मिळवतो आणि शेवटच्या ओळीत खाटेवरून पडून जागा होतो. हा ढीग मी न वाचता परत करी. म्हणजे शेवटची ओळ तेवढी वाची. माणूस पडला की गोष्टही पडली.

लेखकांचे नमुने काय सांगू! पुण्याचे एक निवृत्त मामलेदार दरसाल भूत पाठवत. त्यांचं भूत कायद्याला इतकं धरून वागे की कुणाच्या अंगात शिरण्याआधी अर्ज करील असं वाटे. खालापूरचा एक गृहस्थ गोष्टीबरोबर तांदळाची गोणी घेऊन छापखान्यात आला. मी गोणी परत केली तर म्हणाला, "बरं, मग गोष्ट तरी ठेवा, गोणीपेक्षा हलकी आहे." खरोखरच हलकी होती. तीही परत केली.

निवडीची पद्धत मात्र आम्हाला सहजासहजी सापडली नाही. सुरुवातीला नानांनी तीन विद्वानांची कमिटी नेमली. लेखकांची नावं झाकून गोष्टी त्यांच्यापुढे ठेवायच्या, असा नियम केला. नावं झाकली तरी अक्षर कुठं झाकतंय? कमिटीतल्या एकाला आपल्या व्याह्याचं अक्षर लांबून ओळखू येई. बरं, तिघेही एकाच वळणाचे, त्यामुळे त्यांना आवडणाऱ्या गोष्टीही एकाच वळणाच्या. पहिल्या पुस्तकात ओळीनं सगळ्या शापित राजकन्यांच्याच कथा. नाना भडकले. म्हणाले, "दामू, पंगतीला पान वाढताना डाव्या बाजूला चटणी असते, लिंबू असतं, कोशिंबीर असते. आपण नुसता बासुंदीचा हंडा आणून ओतलाय. खाणार कोण?"

नानांचं हे असंच. उंच, किडकिडीत, नाकावर चष्मा, बोलण्यात धार, पण न्यायाच्या बाबतीत माणूस इतका कडक की स्वतःच्या सावलीलाही झुकतं माप द्यायचा नाही. तेव्हा ते पन्नाशीचे होते आणि मी तिशीचा.

मग एक दिवस असं झालं. कागदाचं पार्सल यायचं होतं म्हणून मी स्टेशनाजवळच्या धर्मशाळेत बसलो होतो. खोपोलीची लहान गाडी कर्जताहून सुटे. उन्हात उभे असलेले तिचे डबे भट्टीसारखे तापत, म्हणून लोक आत न बसता धर्मशाळेच्या ओट्यावर सावलीला थांबत. ओट्याच्या कडेला रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. धर्मशाळेचा राखणदार खंडू गाडीची तयारी दिसली की त्यावर लोखंडी दांड्यानं टोले हाणी. ती पहिली घंटा. ती झाली की खिडकीजवळची जागा धरायला अख्खा ओटा धावत सुटे. दुसरी घंटा म्हणजे गाडी सुटलीच.

पार्सल येईना म्हणून मी पिशवीतली एक गोष्ट काढली आणि सवयीनं मोठ्यानं वाचायला लागलो. आजूबाजूची माणसं सरकत जवळ आली. गोष्ट चांगली रंगात आली आणि खंडूनं पहिली घंटा दिली. कुणी उठलं नाही. दुसरी घंटा झाली तेव्हा धोतरं सावरत सगळे एकदम पळाले. डोंगरवाडीतली, वयानं वाकलेली एक ठाकरीण पळता पळता ओरडली, "ती बाई विहिरीतनं निघली का नाय, तेवढं तरी सांग रं!"

छापखान्यात जाऊन हे सांगितलं तर नाना टेबलावर थाप मारून म्हणाले, "झालं! कमिटी बरखास्त. पहिल्या घंटेला माणसं बसून राहिली तर 'घेतली', उठली तर 'परत'."

तेव्हापासून श्रावण-भाद्रपदात रोज दुपारी मी धर्मशाळेच्या ओट्यावर. त्या परीक्षकांसारखे परीक्षक मी पुन्हा पाहिले नाहीत. वकील असत, वीजघरातले कामगार असत, माहेरवाशिणी, तंबाखूचे व्यापारी, आठवडी बाजाराच्या दिवशी तर घोंगडीवाले नि भांडीवाले. कुणाला लेखक माहीत नाही, कुणाचा कुणी व्याही नाही. ती ठाकरीण तर पक्की गिऱ्हाईक झाली. तिचं नाव बुधी. पळसदरीच्या वरच्या वाडीतून मोळी किंवा रानभाजी घेऊन कर्जतला येई आणि परतीच्या गाडीची वाट बघत माझ्यासमोर अगदी पुढ्यात बसे. वकील असो की फौजदार, ती सगळ्यांना 'अरे-तुरे'च करी.

यातही अन्याय शिरतोच हो. गाडीला उशीर झाला तर त्या दिवशीच्या गोष्टीला आयतीच सवलत. म्हणून मी आणि खंडूनं ठरवलं, गाडीला इंजिन जोडलेलं दिसलं की वाचायला सुरुवात करायची, त्याआधी नाही. आवाज काढायला नानांनी मला बंदी घातली होती. "तू भुताचा घोगरा आवाज काढलास की दगडालाही घाम फुटतो. त्यात लेखकाचं काय?" म्हणून मी राक्षस आणि राजकन्या एकाच सुरात वाचायला शिकलो. हे फार कठीण काम आहे, करून बघा.

आणखी एक गोम होती. काही गोष्टी मुळातच हळू आवाजाच्या असतात, गाडी पकडणाऱ्या माणसांत त्यांचा टिकाव लागत नाही. अशा एका गोष्टीसाठी दरसाल एक जागा राखून ठेवायची असं मी नानांकडून कबूल करून घेतलं. घंटेला नापास, तरी घेतलेली. शांत गोष्ट ती शांता, म्हणून त्या जागेला आम्ही 'शांतेची जागा' म्हणत असू. संग्रहातल्या सर्वांत सुंदर गोष्टी मला त्या जागेवर मिळाल्या, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो.

फसवायला लोक टपलेले असतच. चौक गावच्या एका लेखकाला आमच्या परीक्षेचा सुगावा लागला. आपली गोष्ट कधी वाचली जाईल याचा त्यानं माग काढला आणि आपले मेहुणे आणून ओट्यावर बसवले. पहिली घंटा झाली, सगळी माणसं उठली, मेहुणे ढिम्म. दुसरी झाली, तरी ढिम्म. गाडी पळसदरीच्या वळणाला गेली आणि त्यांतला थोरला घाम पुसत मला विचारतो, "आता उठलं तर चालेल ना?" मी म्हटलं, "खुशाल उठा आणि चालत जा." गोष्टही त्यांच्याच हाती परत दिली.

आता जे सांगायचं आहे ते सांगतो. नाना स्वतः दरसाल आमच्या संग्रहासाठी एक गोष्ट पाठवत असत. खोट्या नावानं.

त्यांना वाटे मला कळत नाही. मुद्दाम नेरळला जाऊन तिथल्या पेटीत पाकीट टाकत, म्हणजे शिक्का नेरळचा पडावा. डाव्या हातानं लिहीत, म्हणजे अक्षर कळू नये. आणि इतकं सगळं करून लिहीत कशावर, तर आमच्याच छापखान्यातल्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठींवर! 'आमचे येथे श्रीकृपेकरून' असं मागून उलटं उमटलेलं मला दिसे. शिवाय त्यांच्या प्रत्येक नायकाला आमसुलाचं सार लागे. तपश्चर्येला बसलेला ऋषीसुद्धा उठल्यावर आधी सार मागे.

छापखाना त्यांचा, संग्रह त्यांचा, पदरचा खर्च त्यांचा. मनात आणलं असतं तर पहिल्या पानावर छापता आली असती. पण नाही. गोष्ट घंटेला उतरली पाहिजे. आणि ती कधीच उतरत नसे. नायकाच्या पणजोबापासून सुरुवात व्हायची. आजोबांपर्यंत येईतो घंटा वाजे. ओटा रिकामा. संध्याकाळी मी छापखान्यात गेलो की नाना प्रुफातून मान वर न करता विचारत, "आजची काय झाली रे?"

"परत, नाना."

"असं का? बरं, बरं." आणि चष्मा पुसत बसत.

एकदा मला राहवलं नाही. म्हटलं, "ही गोष्ट शांतेच्या जागेवर घेऊ या का?" नानांनी कागद हातात घेतले, स्वतःचीच गोष्ट परक्यासारखी चाळली आणि म्हणाले, "छे रे. शांत वेगळं आणि कंटाळवाणं वेगळं. परत कर." त्या दिवशी लाल पेन्सिल माझ्या हातून उठेना. नानांनीच ती घेतली आणि 'परत' असं ठसठशीत लिहिलं.

अशी वर्षं गेली. नानांचे डोळे अधू झाले. मुंबईचा मुलगा म्हणाला, छापखाना विका आणि माझ्याकडे राहायला या. ठरलं. त्या दिवाळीचा संग्रह शेवटचा. आणि भाद्रपदात, गोष्टी घ्यायची मुदत संपता संपता, नेरळचा शिक्का असलेलं पाकीट आलं. अक्षर इतकं वाकडंतिकडं झालं होतं की डाव्या हाताचं सोंग करायचीही गरज उरली नव्हती. या माणसाला उभ्या जन्मात एकच हौस, एक गोष्ट घंटेला उतरावी. या खेपेला नाही तर कधीच नाही. मी वाचून पाहिली. पणजोबा होतेच.

मी खंडूला काही बोललो नव्हतो, शपथेवर सांगतो. पण कर्जतात गुपित राहतं कुठं? ती वाचायच्या दुपारी ओट्यावर आलो तर नाना स्वतः खांबाला टेकून बसलेले. आजवर कधी ऐकायला आले नव्हते. म्हणाले, "सहज आलो. शेवटचं वर्ष आहे, बघू तरी पद्धत." हातातली काठी उगाच फिरवत होते. खंडूनं माझ्याकडे बघून डोळा मिचकावला. तो का, ते मला नंतर कळलं.

गाडीला इंजिन लागलं. मी वाचायला लागलो. पणजोबा झाले, आजोबा झाले, वडिलांची मुंज झाली. लोक बसलेले! नायक जन्मला. तरी बसलेले! माझाच विश्वास बसेना. नानांच्या चेहऱ्यावर असा काही आनंद पसरला होता, की मी एकेक शब्द जपून वाचत होतो. घंटा अजून कशी झाली नाही, हे डोक्यातच आलं नाही. नायक आमसुलाचं सार भुरकतोय आणि तेवढ्यात इंजिनाची शिटी झाली, धाडधाड आवाज झाला आणि खोपोलीची गाडी आमच्या डोळ्यांदेखत निघून गेली.

एकच गलका उडाला. "घंटा कुठाय? घंटा का दिली नाही?" खालापूरच्या कोर्टात तारीख असलेले एक वकील तर खंडूची गचांडीच धरायला निघाले. खंडू दांडा हातात घेऊन रडवेला झालेला. "नाना, म्या म्हणलं गोष्ट सरली की लगेच घंटा देईन. यवढी लांब आसंल आसं काय ठावं हुतं मला! तुमचीच गोष्ट ना ती. शेवटचं साल. म्हणलं, एकदा तरी..."

नाना उठून उभे राहिले. चेहरा उतरला होता. ते माझ्याकडे बघेनात, मी त्यांच्याकडे बघेना. मग त्यांनी विचारलं, "पण माणसं बसली होती ना रे, दामू?"

बुधीनं डोळे चोळत जांभई दिली. "निजलेलो ना आमी," ती म्हणाली.

मला वाटलं, जमीन दुभंगावी. आणि नाना हसायला लागले. आधी हळू, मग खांबाला धरून गदागदा. "घ्या! परत, दामू, परत! दुहेरी परत!" डोळे पुसून ते पायरीवर आले आणि सगळ्यांपुढे हात जोडून म्हणाले, "मंडळी, खंडूला बोलू नका. तुमची गाडी माझ्या पणजोबानं चुकवली. पुढच्या गाडीला अवकाश आहे. मी चहा मागवतो."

"चहाने काय होतंय!" वकील गुरगुरले.

"न्हाय तर काय," बुधी म्हणाली. "दुसरी गाडी येईतो काय तरी सांग रं बाबा. पन वाचू नको. तोंडानं सांग."

नाना गडबडले. "तोंडानं? मला कुठं येतं?" एवढ्यात पुण्याकडे जाणारी मोठी गाडी स्टेशनात आली आणि तिला घाट चढवायला मागून इंजिन लागलं. तेव्हा वाफेची इंजिनं होती, कर्जतला मागे जोडायची आणि घाट संपला की सोडायची. धक्का बसून सगळी गाडी हलली. नाना तिकडे बघत राहिले. मग पायरीवर बसले आणि बोलायला लागले.

"ते मागचं इंजिन बघा. जन्मभर त्यानं काय पाहिलं? शेवटच्या डब्याची पाठ. गाडी कुठं चालली त्याला ठाऊक नाही. घाट सरला की त्याला म्हणतात, जा परत. एक दिवस काय झालं, त्याला सोडायचंच सगळे विसरले. त्याला कुणी सांगितलंच नाही की घाट संपला. ते आपलं ढकलतंय, ढकलतंय. पुढं रूळ सपाट झाले, पण याचा जोर चढाचाच. मग गाडीनं रूळ सोडले आणि निघाली वर."

"वर कुठं?" वकिलांनी विचारलं.

"आकाशात, वकीलसाहेब. घाट नव्हता म्हणून हवेचाच घाट चढायला लागली. लोकांनी खिडकीतून पाहिलं तर खाली माथेरानची गाडी सुरवंटाएवढी. उल्हास नदी म्हणजे सांडलेलं ताक."

पणजोबा नाही, आजोबा नाही. नाना छापखान्यात आम्हाला चिडवताना जसे बोलत तसेच बोलत होते. डब्यात एक तालेवार बाई होती, ती ढगातून वाळत घातलेलं लुगडं शोधत होती. एक तिकीट तपासनीस होता, तो चांदण्यांकडे तिकीट मागत होता. लोक हसून हसून लोळत होते. मग नानांचा आवाज उतरला. गार्डाच्या लक्षात आलं, की या इंजिनाला खरं सांगायला हवं. पण सांगणार कोण? ज्यानं इतकं जिवापाड ढकललं, त्याला कुठल्या तोंडानं सांगायचं, की बाबा रे, घाट केव्हाच संपला?

आणि खंडूनं घंटा दिली. वेळेवर, खणखणीत, दोन्ही हातांनी.

कुणी हललं नाही. वकीलसुद्धा नाही. ऐकली ती एकट्या नानांनी. ते चटकन उठले, "अहो, घंटा झाली! उठा, जागा जाईल, तुमची तारीख आहे—"

"गप बस!" बुधी खेकसली. "त्याला सांगितलं का नाय, ते सांग आधी."

नाना माझ्याकडे बघत होते. मी मान हलवली, सांगा म्हणून. शेवट त्यांनी उभ्याउभ्याच सांगितला. गार्ड मागे गेला आणि इंजिनाच्या अंगावर हात ठेवून म्हणाला, घाट संपला. इंजिन म्हणालं, बरं झालं सांगितलंत, मागे येऊन माझ्याशी कुणी बोललं असं आज पहिल्यांदाच झालं. आणि त्यानं गाडी अलगद पुण्याला उतरवली. त्यानंतर ओटा जो पळाला! वकिलांची पगडी मीच मागून खिडकीतून दिली.

छापखान्याकडे जाताना मी म्हटलं, "नाना, आज बसून सांगा, मी लिहून घेतो. पहिल्या पानावर छापू."

नाना थांबले. "मुदत कधी संपली, दामू?"

"अहो, मुदत कसली! संग्रह तुमचा—"

"मुदतीनंतर आलेल्या किती गोष्टी परत केल्यास? त्या लोकांना काय तोंड दाखवू? नाही. परत."

मी भांडलो, हातापाया पडलो, दोन दिवस बोललो नाही. बधले नाहीत. शेवटचा संग्रह त्या गोष्टीशिवाय निघाला. नाना मुंबईला गेले आणि दोन पावसाळ्यांत तिथंच वारले. मला त्या हट्टाचा राग होता, अजूनही थोडा आहे. इतकी चांगली गोष्ट, आणि कुठल्याही पुस्तकात नाही!

गेल्या उन्हाळ्यात मी मुलीकडे खोपोलीला निघालो होतो. घाटात आता विजेची इंजिनं चालतात. धर्मशाळेचा ओटा तोच आहे, रुळाचा तुकडाही आहे, खंडू मात्र नाही; टोले आता दुसराच एक पोरगा देतो. पलीकडे ठाकरणी बसल्या होत्या, सगळ्या तरुण, एकीचीही ओळख नाही. त्यांतली एक हातवारे करून बाकीच्यांना काही सांगत होती. मी कान दिला. "...तं त्या मागल्या इंजनाला कोनी सांगितलंच नाय का घाट सरला! त्ये आपलं ढकालतंय..."

मी सरकत सरकत जवळ गेलो. तिच्या गोष्टीत डब्यात मोळीवाल्या होत्या, कोंबड्या होत्या, ढगांतली करवंदं होती. घंटा झाली. मी पक्का निवड करणारा माणूस, नजर आपोआप बायकांवर गेली. एकही उठली नाही.

"मग गार्डानं त्याला सांगितलं ना?" मीच न राहवून विचारलं.

"नाय," ती म्हणाली. "कशाला सांगंल? गाडी वरच हाय अजून."

"बाई, पण ही गोष्ट कुणाची?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की म्हातारा खुळाच दिसतोय. "कुनाची म्हंजी? गोष्टच हाय ती."

दुसरी घंटा झाली, बायका हसत पळाल्या, गाडी सुटली. मी तिथंच बसून राहिलो. पेन्सिल जवळ नव्हती, म्हणून रिकाम्या ओट्यावर मोठ्यानं म्हणालो, "नाना, घेतली."